दुखत नाही म्हणून वाहता कान सोडून देऊ नका

पाऊस सुरू झाला की कान वाहण्याच्या तक्रारी वाढतात. सर्दी-पडसं घरोघर असतं आणि भिजलेले कान वाळत नाहीत. या वेळची बहुतेक पत्रं त्याबद्दलचीच आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. कानाचा पडदा दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय नक्की कोणता आजार आहे, हे पत्रावरून कुणीच सांगू शकत नाही. कुठे थांबलं तर चालेल आणि कुठे एक दिवसही थांबू नये, एवढं मात्र सांगता येतं.

चार वर्षांचा मुलगा सर्दी झाली असताना रात्रभर कान धरून रडला. सासूबाईंनी लसूण कडवून तेल घातलं. पहाटे उशीवर पिवळा पू दिसला आणि त्याचं रडणं थांबलं. सासूबाई म्हणतात, कान फुटला, घाण गेली, आता काही करायला नको. खरं आहे का? (एक आई, खानापूर तालुका)

दुखणं थांबलं ते कान फुटल्यामुळेच, हे सासूबाईंचं बरोबर आहे. पडद्यामागे पू साठून ताण आला होता. पडद्याला बारीक छिद्र पडून पू बाहेर आला आणि ताण उतरला. पण जंतू अजून आतच आहेत. नाकाच्या मागच्या भागातून कानात जाणारी नळी लहान मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीचा जंतुसंसर्ग कानापर्यंत लवकर पोचतो.

मुलाला दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक दिलं तर ते सांगितलेले सगळे दिवस द्या. ताप उतरला म्हणून बाटली अर्ध्यावर ठेवू नका. असं छिद्र बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतं, पण ते भरलं की नाही हे महिन्याभराने पाहून घ्यायलाच हवं. न भरलेलं छिद्र पुढे वर्षानुवर्षं वाहू शकतं. खालच्या पत्रातल्या ताईंची कथा अशीच सुरू झाली असावी.

कानामागे सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकलली गेली, मूल सुस्त पडलं, मान ताठ झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्या.

लसणाचं तेल मात्र पुन्हा नको. पडदा फुटलेला असेल तर ते थेट आत उतरतं आणि गरम असेल तर भाजतं. घरात आणखी लहान बाळ असेल तर त्याला आडवं झोपवून बाटलीने दूध पाजू नका, चुलीच्या आणि बिडीच्या धुरापासून दूर ठेवा. कानात पू करणाऱ्या एका जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात देतात.

माझं वय 34. डावा कान लहानपणापासून वाहतो. मेडिकलमधून थेंब आणते, थांबतो, पावसाळ्यात परत सुरू. दुखत नाही, पण त्या कानाने ऐकू कमी येतं. ऑपरेशनची भीती वाटते. (चिकोडी)

ताई, दोन आठवड्यांहून जास्त दिवस पडद्यातल्या छिद्रातून कान वाहत असेल, तर तो जुनाट समजायचा. तुमचं छिद्र बहुधा कायमचं झालं आहे. त्यातून जंतू दोन वाटांनी आत येतात. डोक्यावरून अंघोळ करताना बाहेरून पाणी जातं आणि सर्दीत नाकाच्या बाजूने संसर्ग चढतो. म्हणून थेंबांनी कान थांबतो, पण छिद्र तसंच राहतं.

तरीही थेंब हेच पहिलं औषध आहे. जुनाट वाहत्या कानात गोळ्यांपेक्षा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे थेंब जास्त उपयोगी पडतात, कारण औषध थेट जागेवर पोचतं. पण कान पुवाने भरलेला असताना थेंब घातले तर ते वरच्या वर वाहून जातात. आधी कान कोरडा करायचा. स्वच्छ, पाणी टिपणाऱ्या सुती कापडाची वात वळून कानाच्या तोंडाशी हळूच ठेवायची. ओली झाली की काढून दुसरी. वात कोरडी निघेपर्यंत असं करायचं, दिवसातून तीनदा. काडी नको, पिन नको आणि वात कानात ठेवून झोपणं नको. मग बाटली मुठीत धरून कोमट करायची, चांगला कान खाली करून आडवं व्हायचं, थेंब टाकायचे, कानाच्या भोकासमोरचा बारीक उंचवटा चार-पाच वेळा दाबायचा आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. गार थेंबांनी गरगरतं, म्हणून बाटली कोमट करणं विसरू नका.

मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका, हे मी कळकळीने सांगतो. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब छिद्र असलेल्या कानात वारंवार घातले, तर आतल्या कानाला इजा होऊन आहे ते ऐकूही कमी होऊ शकतं. डोकं धुताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी बसवा आणि अंघोळ झाली की काढून टाका.

आता ऑपरेशन. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ पडद्याला लावतात. यात मेंदूला हात लागत नाही. कान काही आठवडे कोरडा राहिला की, ऐकण्याची तपासणी करून हे करतात. बहुतेकांचा पडदा जुळतो आणि वाहणं थांबतं, पुष्कळांचं ऐकूही सुधारतं. तुमच्या वयात हे टाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तिथे 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' या सरकारी उपचार योजनेच्या कार्डाबद्दल विचारा. आपल्याकडचे पुष्कळ लोक मिरज-कोल्हापूरला जातात. तिकडे जायचं असेल तर आपलं कार्ड चालतं का, हे आधी फोन करून विचारा आणि जुने कागद सोबत न्या.

माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा आहे. त्याच्या कानातून थोडासाच पू येतो, पण वास इतका की जवळ बसवत नाही. दुखत नाही म्हणून तो दवाखान्यात येत नाही. अलीकडे मधूनच चक्कर येते म्हणतो. (हुक्केरी)

आलेल्या सगळ्या पत्रांत मला सर्वात जास्त काळजी या पत्राची वाटली. लोक भरपूर वाहणाऱ्या कानाला घाबरतात. खरा धोका मात्र थोड्या, घाण वासाच्या, चिवट पुवाचा असतो. यात पडद्याच्या वरच्या भागातून कातडी आत ओढली जाऊन तिची पिशवी होते. आत सुटलेला कोंडा साठत जातो, पिशवी वाढत जाते आणि भोवतालचं हाड पोखरते. याला कोलेस्टिअटोमा म्हणतात. नाव ऐकून दचकू नका, हा कॅन्सर नव्हे. पण कानाच्या शेजारीच तोल सांभाळणारा भाग आहे, चेहऱ्याची नस आहे आणि वर पातळ हाडापलीकडे मेंदू आहे. चक्कर येऊ लागली, याचा अर्थ हाड तोल सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोखरलं गेलं असू शकतं.

याला थेंब पुरत नाहीत. सीटी स्कॅन करून कानामागच्या हाडातून ऑपरेशन करावं लागतं. त्यात पहिलं ध्येय कान सुरक्षित करणं हे असतं, ऐकू येणं नंतर पाहतात.

भावाला याच आठवड्यात घेऊन जा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, डोकं असह्य दुखू लागलं, थंडी वाजून ताप आला किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याच क्षणी निघा.

वडील 65 वर्षांचे, मधुमेही. पंधरा दिवस कान दुखतो, रात्री झोप नाही, थोडं पाणी येतं. थेंबांनी फरक नाही. (निपाणी)

मधुमेही, वयस्कर माणूस आणि रात्री झोपू न देणारी ठणक हे एकत्र आलं, की कानाच्या बाहेरच्या नळीतला संसर्ग हाडात उतरला असण्याची शंका घ्यावी लागते. उद्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. जाताना साखर तपासून घ्या. यावर काही आठवडे औषध चालतं आणि साखर आटोक्यात नसेल तर तेही लागू पडत नाही. घरी पिचकारीने पाण्याने कान धुऊ नका, असं दवाखान्यात सांगतील. ते कटाक्षाने पाळा.

विहिरीत रोज पोहतो. कान फार खाजतो, आतून भिजलेल्या कागदासारखं काळं-पांढरं निघतं. (बेळगाव तालुका)

ही बहुधा बुरशी. अँटिबायोटिकचे थेंब घालत असाल तर थांबवा, त्याने ती वाढते. डॉक्टरांकडून कान साफ करून घ्या आणि ते देतील ते बुरशीवरचे थेंब पूर्ण घ्या. तोवर पोहणं बंद.

माझ्या वर्गातल्या मुलीचा कान वाहतो. वासामुळे मुलं तिच्याजवळ बसत नाहीत. हे लागट आहे का? (शिक्षिका, अथणी)

बाई, वाहता कान शेजारी बसल्याने दुसऱ्याला लागत नाही. हे वर्गात मोठ्याने सांगा. ती मागे पडत असेल तर अभ्यासात कच्ची म्हणण्याआधी तिला ऐकू येतं का ते पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा तिचं नाव आवर्जून पुढे करा. पण पथकाची वाट पाहत महिने घालवू नका, पालकांना बोलावून दवाखान्यात जायला सांगा. तोवर तिला पहिल्या बाकावर बसवा आणि तिचा चांगला कान तुमच्याकडे येईल अशी बाजू द्या.