गुन्हेगारी वाढली की शहराचा धंदा बसतो का?

बसतो, पण उलटंही होतं, म्हणजे आधी धंदा बसतो आणि मग गुन्हेगारी वाढते. मुंबईचंच बघा ना, १९८२ चा गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, बऱ्याच गिरण्या परत धड सुरू झाल्याच नाहीत, घरात पगार नाही, मग लालबाग-परळकडची काही पोरं टोळ्यांच्या नादी लागली (सगळी नाही हां, बहुतेकांनी मिळेल ते काम करून घर चालवलं). नव्वदीत तर बिल्डर, हॉटेलवाले, फिल्मवाले सगळ्यांना खंडणीचे फोन, १९९७ ला टी-सिरीज या कॅसेट कंपनीच्या गुलशन कुमारांना अंधेरीत भरदिवसा गोळ्या घातल्या. खंडणी म्हणजे बिनपावतीचा टॅक्सच, आणि तो शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो. १९९९ ला मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा) आला, टोळ्यांचा जोर हळूहळू ओसरला.

आणि राहणीमान म्हणाल तर रात्री अकराच्या लोकलने बाई एकटी घरी येऊ शकते, म्हणून ती सेकंड शिफ्टची नोकरी धरते, कंपनीला माणसं मिळतात. आता भीती खंडणीची कमी, घरभाड्याची जास्त. त्यापायी विरार-बदलापूरला राहून रोज दोन-दोन तास लटकत येणारा माणूस ऑफिसात पोचेपर्यंतच अर्धा संपलेला असतो.