ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, बघायला सुरुवात कुठून करू?

आधी 'माय नेबर टोटोरो' बघ. १९८८ चा, दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा. जपानी आवाजातच, खाली सबटायटल लावून. डबिंग नंतर कधीतरी.

त्यातला बसस्टॉपचा प्रसंग घाई न करता बघ. पाऊस, पाठीवर झोपलेली धाकटी मेई, बाबांची वाट बघणारी तिची ताई सात्सुकी. शेजारी टोटोरो, जंगलातला भलामोठा केसाळ प्राणी, येऊन उभा राहतो, डोक्यावर नुसतं एक पान. ती त्याला बाबांची छत्री देते. छत्रीवर टपटप थेंब पडतात आणि त्या आवाजानेच स्वारी खूश! बराच वेळ बाकी काहीच घडत नाही. या मोकळ्या जागेला जपानीत 'मा' म्हणतात. मियाझाकी टाळ्या वाजवून दाखवतात: दोन टाळ्यांमधली शांतता म्हणजे 'मा'. तिथे फॉरवर्ड केलंस तर बघण्यात अर्थच नाही.

दिग्दर्शक इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', युद्धात होरपळलेल्या भावंडांचा सिनेमा, याच्याच जोडीने थिएटरात लागला होता. तू मात्र दोन्ही एका रात्रीत बघू नकोस. मी बघितले, दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही.

चाहत्यांची जत्रा म्हणशील तर टोकियोतलं कॉमिकेट, १९७५ पासूनचं. चाहते स्वतः काढलेल्या दोजिन्शी, म्हणजे स्वतःच छापलेली कॉमिक्स वगैरे, तिथे विकतात. कधी गेलास तर कॉस्प्लेवाल्यांचा (पात्रांसारखा वेश करून आलेल्यांचा) फोटो विचारूनच काढ. आणि सुटे पैसे ने.