'ये जो है जिंदगी' या दूरदर्शन मालिकेतली रेणू, म्हणजे स्वरूप संपत, नंतर कुठे गेल्या?

त्या शिकवायला वर्गात गेल्या, आणि माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम तिथेच झालं.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. 1979 मध्ये त्या मिस इंडिया झाल्या, मग 'नरम गरम'सारखे काही चित्रपट केले. 1984 साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' आली आणि त्या घरोघरी पोचल्या. लेखन शरद जोशींचं (हे हिंदीतले व्यंगकार, आपले शेतकरी नेते वेगळे). रेणूचा नवरा रणजित झालेले शफी इनामदार, घरात ठाण मांडून बसलेला मेहुणा राकेश बेदी, आणि दर भागात नवा अवतार घेऊन येणारे सतीश शाह. अशा कसलेल्या मंडळींत रेणू कुठेही फिकी पडली नाही. समोरच्याला हशा मिळू देऊन आपली जागा राखणं सोपं नसतं, त्याचं श्रेय त्यांना कमीच मिळालं.

1987 मध्ये परेश रावल यांच्याशी लग्न झालं, दोन मुलगे झाले. पुढे त्यांनी इंग्लंडच्या वूस्टर विद्यापीठातून पीएचडी मिळवली. विषय होता, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना नाट्याच्या माध्यमातून जीवनकौशल्यं शिकवणं. नुसता प्रबंध लिहून थांबल्या नाहीत, गुजरातमधल्या सरकारी शाळांतून ही पद्धत राबवली. 2019 च्या ग्लोबल टीचर प्राइझच्या अंतिम दहांत त्यांचं नाव होतं, लवाड गावच्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिका म्हणून!

त्याच वर्षी 'उरी'त त्या विकी कौशलच्या आईच्या भूमिकेत दिसल्या. त्याआधी 2016 च्या 'की अँड का'मध्येही होत्या.