सिग्नलला एसी चालू असला की पेट्रोल गाडी थरथरते, कधी बंदच पडते. काय प्रॉब्लेम असेल?

आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घ्या, बहुतेक वेळा तिथेच कार्बन साचलेला असतो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे तो ऑन झाला की इंजिनवर लोड येतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थोडी जास्त हवा आत घेऊन आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) सांभाळतो, पण बटरफ्लायच्या, म्हणजे थ्रॉटल बॉडीतल्या गोल झडपेच्या, कडेला काळी चिकट रिंग धरली असेल तर ती हवा पुरेशी जातच नाही आणि आरपीएम पडतो. गॅरेजमध्ये रोज हेच बघतो, एअर फिल्टरचा पाइप काढला की काळं दिसतंच. एसी लावल्यावर आरपीएम ८०० च्या आसपास टिकला किंवा थोडा वाढला तर ठीक, ५००-६०० वर आला तर हेच समजा. स्प्रे थ्रॉटल बॉडी क्लीनरच वापरा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका प्लीज, आणि इग्निशन ऑन असताना बोटाने ती झडप ढकलू नका, ती फिरवणारी मोटर खराब होते. साफ केल्यावर काही गाड्यांना स्कॅनर लावून आयडल (गाडी उभी असतानाचा आरपीएम) रीसेट करावं लागतं. फक्त एक, आरपीएम हलत नसेल आणि तरी स्टिअरिंग थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी सपोर्ट) चेक करा, तिथे क्लीनिंगचा काही उपयोग नाही.