लष्करी सुट्या भागावरच्या १३ आकडी एनएसएनवरून कंपनी कळते का? आणि जुन्या मॅन्युअलमधला नंबर शोधल्यावर सापडत का नाही?

कंपनी कळत नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलंय. एनएसएन, म्हणजे नाटो स्टॉक नंबर, हा वस्तूचा असतो, बनवणाऱ्याचा नव्हे. माप, जोडणी आणि काम या तिन्ही बाबतींत एकमेकांच्या जागी बिनदिक्कत चालणारे चार कंपन्यांचे चार भाग असतील, तर चौघांचा एनएसएन एकच. उलट माप तेच पण रबर वेगळं, एक नायट्राइल आणि दुसरं फ्लुओरोकार्बन, अशा दोन ओ-रिंगना (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांना) दोन वेगळे नंबर मिळतात, कारण तेल आणि तापमान बदललं की त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

५३३१-००-०१२-३४५६ असा नंबर धरू (उदाहरणापुरता बनवलेला आहे, शोधत बसू नका). पहिले चार आकडे पुरवठा वर्गाचे: ५३ हा हार्डवेअरचा गट, ५३३१ त्यातला ओ-रिंगचा वर्ग. पुढचे दोन आकडे नंबर देणाऱ्या देशाचे: ०० आणि ०१ अमेरिका, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, ९९ ब्रिटन. उरलेले सात नुसते क्रमाने दिलेले. त्यांत माप किंवा मटेरियल दडलेलं नसतं. देशाचे आकडे पाहून माल तिथलाच आहे असं मात्र समजू नका. डिझाइन ज्या देशाच्या ताब्यात, साधारणपणे तो देश नंबर देतो. कारखाना कुठेही असू शकतो.

आता जुना नंबर. खरी ओळख शेवटच्या नऊ आकड्यांत, म्हणजे एनआयआयएनमध्ये (नॅशनल आयटम आयडेंटिफिकेशन नंबर) असते. वर्ग बदलू शकतो, हे नऊ बदलत नाहीत. ओ-रिंग पूर्वी ५३३० या पॅकिंग-गास्केटच्या वर्गात होत्या, मग ५३३१ वेगळा निघाला. त्यामुळे जुन्या मॅन्युअलमधले १३ आकडे जसेच्या तसे टाकले की शोध रिकामा येतो. फक्त नऊ टाका. मॅन्युअल १९७४ च्या आधीचं अमेरिकी असेल तर नंबर ११ आकडीच दिसेल, ५३३०-०१२-३४५६ असा. वर्गानंतर ०० घातले की झालं. तरीही सापडला नाही तर नंबर रद्द होऊन त्याजागी दुसरा आला आहे का ते पाहा.

सगळ्यात जास्त घोळ एक्सेल घालतं. ०००१२३४५६ हा एनआयआयएन साध्या रकान्यात टाकला की सुरुवातीची शून्यं उडतात आणि १२३४५६ उरतं. यादी पेस्ट करण्याआधी रकाना टेक्स्ट करा, नंतर केलात तर शून्यं परत येत नाहीत.

कंपनी हवीच असेल तर एनएसएनखाली नोंदलेले पार्ट नंबर आणि त्यांच्यापुढचा केज कोड, म्हणजे कंपनीची ओळख सांगणारा पाच अक्षर-आकड्यांचा कोड, पाहा. केजशिवाय पार्ट नंबरवर विसंबू नका, कारण एकच पार्ट नंबर दोन कंपन्यांकडे अगदी भिन्न वस्तूंचा असू शकतो. कोडमध्ये आय आणि ओ ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, तेव्हा गोल दिसलं की ते शून्यच. नोंदीपुढे ३ आणि २ ही कोडजोडी असेल तर तो पार्ट नंबर एकट्याने वस्तू नेमकी ठरवतो; ५ आणि ९ असेल तर तो केवळ माहितीसाठी किंवा जुना झालेला, त्यावर ऑर्डर देऊ नका.

ऑर्डरच्या वेळी एकक वाचा. नगावर मिळणारी वस्तू आणि शंभराच्या पाकिटावर मिळणारी वस्तू, दोन्हींसमोर '१०' लिहिलं तर दुसऱ्यात हजार येतील. आणि रबराचा भाग असेल तर एनएसएन जुळला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. रबर कधीचं आहे ते नंबरात नसतं, पाकिटावरच्या लेबलवर असतं.