कपाटातल्या अकरा गोळ्या

प्रश्न : माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज घ्यायची असते. परवा कपाट आवरताना मागच्या तीन महिन्यांतल्या अकरा गोळ्या उरलेल्या सापडल्या. विचारलं तर म्हणाले, ‘मी ठणठणीत आहे, एखादी राहिली तर काय बिघडतं?’ खूप भांडण झालं. आता मी रोज समोर उभी राहून गोळी घ्यायला लावते, तर ते माझ्याशी बोलतच नाहीत. काय करू?

उत्तर : तीन महिन्यांत अकरा, म्हणजे नव्वदातल्या एकोणऐंशी घेतल्या. ऐकायला बरंच वाटतं, पण या आजारात एवढं पुरत नाही. लंडनमधल्या डॉक्टरांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. इमॅटिनिब काही वर्षं घेत असलेल्या ८७ रुग्णांच्या बाटलीच्या झाकणात एक चिप बसवली होती. झाकण कधी उघडलं, याची तीन महिने नोंद झाली. ज्यांनी ९० टक्क्यांपेक्षा जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजाराची रक्तातली खूण पुरेशी खाली येण्याची सहा वर्षांतली शक्यता ९४.५ टक्के निघाली. बाकीच्यांत ती २८.४ टक्के होती. तुमचे बाबा या रेषेच्या किंचित खाली आहेत. म्हणजे अजून सहज वर येता येईल.

ते ठणठणीत आहेत, हे खरंच आहे, आणि ते गोळीमुळेच आहेत. बिघडलेल्या पेशींना ‘वाढा’ म्हणणारं एक प्रथिन ही गोळी रोखून धरते. साधारण अठरा तासांत औषध रक्तात निम्म्यावर येतं, म्हणून ती रोज लागते. आजार परत डोकं वर काढू लागला तरी सुरुवातीला अंगाला काहीच कळत नाही. कळतं ते पीसीआरच्या, म्हणजे रक्तातली ती खूण मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये.

पण हे सगळं त्यांना सांगण्याआधी एक करा. समोर उभं राहणं थांबवा आणि शांतपणे विचारा, ‘बाबा, गोळी घेतल्यावर तुम्हाला काय होतं?’

मी कॅन्सर विभागात नर्स आहे. हाच प्रश्न मी एका आजींना विचारला होता. त्या प्रत्येक गोळीमागे पेनाने तारीख घालत. स्ट्रिप हातात घेतली, तर तारखा एक दिवसाआड होत्या. मी काहीच बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘सकाळी डोळे सुजतात गं. नातवंडं विचारतात, आजी रडलीस का?’ सूज हा या औषधाचा नेहमीचा त्रास, त्यावर इलाज होता. पण आम्ही कोणी विचारलंच नव्हतं, आणि तक्रार कशाला करायची म्हणून त्याही गप्प राहिल्या. ते मला अजून लागतं.

तुमच्या बाबांना मळमळ होत असेल, रात्री पायात गोळे येत असतील, जुलाब होत असतील. मळमळीसाठी गोळी दिवसातल्या मोठ्या जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. (कॅन्सरच्या सगळ्याच गोळ्यांना हा नियम लागू नाही. नायलोटिनिब कॅप्सूल किंवा अबिराटेरोन उपाशीपोटी घ्यावी लागते, म्हणून दुसऱ्या रुग्णाचं ऐकून वेळ बदलू नये.) एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. कॅलेंडरवर खूण त्यांनीच करावी, तुम्ही नको.

चुकलेल्या गोळ्यांचा खरा आकडा डॉक्टरांना सांगाच. लोक नेमकं हेच लपवतात. रिपोर्ट बिघडला आणि गोळ्या चुकल्याचं माहीत नसेल, तर डॉक्टरांना वाटणार की औषधच लागू पडत नाही, आणि कारण नसताना औषध बदललं जाईल. बाबांना हेही सांगा की, वर्षानुवर्षं रिपोर्ट खूप चांगला राहिला तर काही जणांची गोळी डॉक्टर स्वतःच, वरचेवर तपासणी करत थांबवून बघतात. मला वाटतं, भीतीपेक्षा हे त्यांना जास्त पटेल.

त्या अकरा गोळ्या टाकू नका. पिशवीत घालून पुढच्या तपासणीला न्या, आणि बोलू दे बाबांनाच.