ट्रक उभा असताना इंजिन बंद ठेवून मोबाईल, लॅपटॉप आणि पंखा कसा चालवायचा?

तुम्ही लिहिलंय की कंटेनर घेऊन न्हावा शेवा बंदरात गेलं की कधी एक रात्र, कधी दीड दिवस नंबर लागत नाही. दोन मोबाईल, लॅपटॉप आणि पंखा चालवायचाय, पण इंजिन चालू ठेवलं की शेठ डिझेलचा हिशोब मागतात. त्याच रांगेत मी अकरा वर्षं ट्रेलर उभा केलाय, आणि आता गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पंख्याबद्दल. उरणकडची दमट हवा, काचा खाली घेतल्या की डास, वर केल्या की घामाच्या धारा. अशात पंख्याशिवाय झोप लागत नाही, आणि सकाळी त्याच डोळ्यांनी भरलेली गाडी घेऊन बोरघाट चढायचा असतो. शेठना हे स्पष्ट सांगा. पंखा ही चैन नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. मला त्याचा मनापासून आनंद आहे, पण कंपनीच्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद, की एसी बंद. आणि इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून झोपायचं तर मुळीच नाही. धूर केबिनमध्ये शिरला तर जाग येत नाही.

आता तुमचा खर्च बघू. 24 व्होल्टचा केबिन पंखा साधारण 20 वॉट घेतो. आठ तासांचे 160 वॉट-तास. दोन मोबाईल पूर्ण चार्ज करायला 40, लॅपटॉप तीन तास 150, छोटा एलईडी दिवा 20. एका रात्रीचे झाले 370. तुमच्या गाडीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. 120 एएचचा (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) जोड धरला तर कागदावर 2,880 वॉट-तास होतात. पण ही बॅटरी सेल मारण्यासाठी, म्हणजे इंजिन चालू करण्यासाठी, बनवलेली असते, हळूहळू रिकामी करण्यासाठी नाही. तीस टक्क्यांच्या पुढे मी कधी जात नाही, म्हणजे हातात 850 च्या आसपास. बॅटरी धडधाकट असेल तर एक रात्र निवांत निघते. दुसरी रात्र काठावर. आणि बॅटरी दोन-अडीच वर्षं जुनी असेल तर हे आकडे धरूच नका, तिच्यात किती उरलंय ते आधी तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढू नका. बाजारात टेप, चार्जर, पंखे सगळं 12 व्होल्टचं स्वस्तात मिळतं, म्हणून बरेच जण दोनपैकी एका बॅटरीला वायर लावून मोकळे होतात. मीही लावली होती. टेप आणि पंखा रोज त्या एकाच बॅटरीवर. उभ्या गाडीत ती उतरते, दुसरी भरलेलीच राहते. मग गाडी चालू झाली की अल्टरनेटर दोघींना मिळून 28 व्होल्ट देतो. प्रत्येकीच्या वाट्याला 14 यायला हवेत, पण भरलेली 15 च्या जवळ जाते आणि उपाशी 13 वर राहते. भरलेलीचं पाणी उकळून आटतं, उपाशी कधी पूर्ण भरतच नाही. चार महिन्यांत माझ्या दोन्ही गेल्या. भर पावसात, पुढची रांग सरकत असताना सेल मारला तर नुसतं टकटक. मागच्या गाड्या हॉर्न देतायत आणि मी जंपर केबल शोधत फिरतोय. एका पंजाबी सरदारजींनी आपली गाडी शेजारी लावून चालू करून दिली, त्यांचे उपकार अजून लक्षात आहेत. 12 व्होल्ट हवेच असतील तर 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवा, म्हणजे भार दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा पडतो.

तुम्हाला तर तेही लागणार नाही. पंखा 24 व्होल्टचाच घ्या. मोबाईल आणि लॅपटॉपसाठी लायटर सॉकेटमध्ये बसणारा 65 वॉटचा पीडी (लॅपटॉपलाही पुरेल असा) चार्जर घ्या, त्यावर ‘12–24 व्होल्ट’ छापलेलं आहे ना ते वाचूनच. लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होत असेल तर इन्व्हर्टरची गरजच नाही. इन्व्हर्टर मला या कामासाठी आवडत नाही. काही न जोडता रात्रभर चालू राहिला तरी तो स्वतःसाठीच वीज खातो. मग त्यावर कोणीतरी इंडक्शन शेगडी लावतं. 1,500 वॉटची शेगडी म्हणजे 24 व्होल्टवर 65-70 अँपिअर, बॅटरी बघता बघता उतरते. स्वयंपाकाला आपला गॅस बरा, तोही केबिनच्या बाहेर.

लायटर सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी बंद करून तास-दोन तास झाल्यावर 25.4 दाखवला तर बॅटऱ्या भरलेल्या, 24.4 म्हणजे निम्म्यावर आल्या. पण झोपेत मीटर कोण बघणार? म्हणून लो-व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे व्होल्ट ठरल्यापेक्षा खाली गेले की आपोआप जोडणी तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि तो निम्म्याच्या वरच, 24.7 च्या आसपास ठेवा. पंखा पहाटे बंद पडला तर चालेल, सेल लागलाच पाहिजे.

वायर 4 चौरस मिमीची, आणि 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. केबिनमधला फ्यूज केबिनमधल्या सामानाला वाचवतो, चेसीवर घासून सोललेल्या वायरला नाही. गाड्या जळतात त्या तिथून. भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) घाला आणि केबिन पुढे पाडताना ताण येणार नाही इतकी ढील ठेवा. निगेटिव्ह बॉडीला न लावता थेट बॅटरीवर आणा. गाडी वॉरंटीत असेल तर जोडणीची जागा कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनाच विचारा.

दीड-दोन दिवस थांबणं नेहमीचंच असेल तर शेठना वेगळ्या बॅटरीचं पटवा. 25.6 व्होल्टची 50 एएच लिथियम फॉस्फेट बॅटरी 1,280 वॉट-तास देते. तुमच्या तीन रात्री. मधे डीसी-डीसी चार्जर लावला की गाडी चालताना ती भरते आणि उभी असताना गाडीच्या बॅटरीला हात लावत नाही. टपावर 100 वॉटचं सोलर पॅनल असेल तर कोरड्या दिवसांत रोज 300-400 वॉट-तास मिळतात, आषाढात त्याच्या भरवशावर राहू नका. घरातल्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी केबिनमध्ये ठेवू नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

द्राक्षांचा रीफर (माल थंड ठेवणारा कंटेनर) ओढत असाल तर त्याच्या जेनसेटमधून, म्हणजे जनरेटरमधून, लाइन काढायचा विचारही नको. तिथे तीन फेज 440 व्होल्ट खेळत असतात आणि माल दुसऱ्याचा असतो.

सामान घेण्याआधी एक रात्र नुसता पंखा लावून बघा. झोपताना आणि उठल्यावरचे व्होल्ट लिहून ठेवा आणि इथेच कळवा, सोबत बॅटरीवरचा एएच आणि ती कधी घेतली तेही. मग तुमच्या गाडीला नेमकं काय लागेल ते सांगतो.